आक्काचा हेल

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. शेजारणीच्या सुनेला दिवस गेल्याचं तिच्या सासूच्या आधी मी गल्लीभर केलं होतं. पण एक गोष्ट आहे — ती मी नवऱ्याला सांगितली नाही, आईला सांगितली नाही, देवापुढं हात जोडूनसुद्धा कधी पुटपुटले नाही. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून असेल.

ते गाणं तुम्ही ऐकलेलं असणार. रंगपंचमीला चौकात लागतं, हळदीला डीजेवर लागतं. ‘सारं गाव रंगून आलं, तू कावून न्हाई आलास.’ आमच्या बीडकडं ‘का’ला ‘कावून’ म्हणतात. तो शब्द त्या गाण्यानं पार मुंबईपर्यंत नेला. लोक म्हणतात, काय गोड शब्द आहे. त्यातला आवाज माझा. सिनेमात गायलेलं माझं एकच गाणं. बाकी सारी हयात मी ऑर्केस्ट्रात काढली — लग्नं, जयंत्या, गणपती — दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात म्हणत.

त्या गाण्यात एक जागा आहे, आठवते का बघा. ‘न्हाई’वर आवाज एकदम तुटतो, श्वास आत ओढला जातो, आणि मग ‘आलास’ खालून, कसंबसं वर येतं. गाणं गाजलं ते त्या जागेमुळं. टीव्हीवरच्या स्पर्धेत लहान लहान पोरी ती जागा घेतात आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. मला कितीजणांनी विचारलं, ताई, ही हरकत कुठून आणलीत? मी हसते. म्हणते, आमच्या मातीतच आहे ती. मातीत! — खोटं तरी किती सफाईनं बोलावं माणसानं?

ती हरकत नाही. तो माझ्या बहिणीचा हुंदका आहे.

थांबा. असं अर्ध्यातून सांगून चालायचं नाही.

आम्ही बीडजवळच्या पालीचे. घर मेंढरांचं. माझी थोरली बहीण आक्का — तिला दिली शिरूर कासारकडच्या एका वस्तीवर, तेही मेंढरांचंच घर. आई कामावर गेली की मला काखेत मारून हिंडायची ती आक्काच. मी पाचवीत बक्षीस आणलं तेव्हा सगळ्या वस्तीला, आमची कमी — कमी म्हणजे मी — रेडिओवानी गाती, म्हणून सांगत सुटली होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, आणि तिकडं पाण्याची मारामार, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला दाजी कळप घेऊन पालीला यायचे, आमच्या धरणावर. मेंढरू आपण होऊन पाण्यात उतरत नाही. एकेकाला धरून आत ओढायचं, चोळायचं, परत काठाला लावायचं. सगळं घर कंबरभर पाण्यात असतं तेव्हा. त्या साली मंजीपण होती. मंजुळा — आक्काची एकुलती एक लेक, चौथीतली. एक कोकरू आत आत चाललं म्हणून ती त्याच्यामागं गेली. तिनं हाक मारली असेल. मेंढरांच्या गलक्यात कुणाला ऐकूच आली नाही.

मेंढरं सगळी बाहेर आली. ते कोकरूसुद्धा आलं.

हेल काढून रडणं म्हणजे काय, हे आता शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं मयताच्या घरी बाई नुसती डोळे पुसत येत नाही. गल्लीच्या तोंडापासूनच ती सूर लावते, मेलेल्याला हाका मारत, त्याच्या आठवणी एकेक काढत उंबऱ्यापर्यंत येते. मग घरातल्या बाया तिच्या गळ्यात पडतात. दर बाईचा हेल वेगळा. भिंतीपलीकडून ऐकून आम्ही सांगतो, ही अमकी रडतेय. आणि जुने मेलेलेही त्यात येतात — सासऱ्याच्या मयताला आलेली बाई आपल्या बापाला रडून घेते, कुणी तिला नावं ठेवत नाही. एकीचा हेल दुसरी घेत नाही. घेऊ नये असं कुणी सांगितलेलं नाही. तशी वेळच कधी आली नसेल. रडणं कोण चोरणार?

त्या दिवशी आक्का असं रडली:

सारी मेंढरं भिजून आली गं माझे बाई,
तू कावून न्हाई आलीस...

‘न्हाई’वर तिचा गळा दाटायचा. श्वास आत ओढला जायचा. आणि मग ‘आलीस’. पुढं पुष्कळ होतं. मंजीचं सगळं होतं त्यात, तिच्या वेण्यांपासून तिच्या रागापर्यंत. आक्काला आधीपासून काही येत नव्हतं, अंगाई म्हणतानाही ती सुराबाहेर जायची. त्या दिवशी ते कुठून आलं तिचं तिला ठाऊक नाही. येत राहिलं, एवढंच.

मी तिला मिठी मारून बसले होते. रडत होते — हे खरं आहे, ह्यात काही खोटं नाही. मंजी माझ्याही अंगाखांद्यावर वाढलेली. पण माझा कान रडत नव्हता. ऑर्केस्ट्रातल्या बाईचा कान तो. एकदा ऐकलं की गळ्यात बसलं पाहिजे, श्वास कुठं घेतला, शब्द कुठं तोडला, सगळं जसंच्या तसं. त्याच विद्येवर आम्ही जेवतो. मयत उठेपर्यंत आक्काचा हेल मला सबंध पाठ झाला होता. आणि — हे सांगायचीही लाज वाटते — माझ्याच आत कुणीतरी म्हणत होतं, वा, काय जागा आहे!

बहिणीच्या मिठीत बसून वा म्हणणारी मी. कसली बाई म्हणायची ही?

पुढं आक्का जगली ती त्या हेलावर. तुम्हाला वाटेल, दुःख काढत बसणारी बाई असेल. तसं नव्हतं. माहेरी येताना एसटी धरणाच्या कडेनं वळली, पाणी दिसलं, की ती फाट्यावरच उतरायची. रस्त्याच्या कडेला बसायची, पदर तोंडावर घ्यायची आणि मंजीला हेल काढून पोटभर रडायची. जाणारे येणारे ओळखीचे, कुणी थांबायचं नाही. मग तोंड धुऊन घरी यायची, आणि दारातूनच माझी खोडी काढायची. “कमे, लई फुगलीस गं, ऑर्केस्ट्रावाले फुकट जेवू घालत्यात वाटतं.” हसली की पदरात तोंड लपवायची. त्या रडण्यानं ती धुऊन निघायची. तिचं औषध म्हणा, देवपूजा म्हणा, जे काही होतं ते तेवढंच होतं.

मग सिनेमा आला.

बीडच्या एका कार्यक्रमात एका संगीतकारांनी मला ऐकलं आणि पुण्याला बोलावलं. गाणं सिनेमातल्या रंगपंचमीचं होतं, पण त्यांना मातीतलं काहीतरी हवं होतं, कुणी न ऐकलेलं. मी ओव्या म्हटल्या, पाळणे म्हटले, हळदीची गाणी म्हटली. ते मान हलवत होते, पण घड्याळाकडं बघत. स्टुडिओतला गारठा, काचेपलीकडची माणसं, आणि उभ्या जन्मात एकदाच उघडलेलं ते दार. ते म्हणाले, “अजून काही?” मी म्हटलं, आहे. आणि डोळे मिटून आक्काचा हेल म्हटला. सगळा. श्वासासकट.

 संगीतकार काचेपलीकडून बाहेर आले आणि त्यांनी सरळ विचारलं, “हे कुणाचं आहे?”

मी म्हटलं, “पारंपरिक आहे. आमच्याकडं सगळ्या बाया म्हणतात.”

बघा, किती सोपं होतं. सिनेमातली किती गाणी अशी कुणाच्या जात्यावरून, कुणाच्या पाळण्याजवळून उठून गेली असतील? पडद्यावर ‘पारंपरिक’ अशी अक्षरं आली की आपल्याला बरं वाटतं, जुनं काही जपलं म्हणून. पण पारंपरिक म्हणजे काय हो? ज्या बाईनं ते पहिल्यांदा म्हटलं, तिचं नाव विचारायला कुणी गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. इथं तर विचारलं होतं. चांगल्या माणसानं चांगल्या मनानं विचारलं होतं, आणि नाव मला माहीत होतं. माझ्या आईनं ठेवलेलं नाव. ते मी घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर सांगावं लागलं असतं की हे गाणंच नाही, आणि मग ते दार मिटलं असतं.

कवी आले. तेही भले माणूस. त्यांनी मेंढरं काढली, गाव घातलं. भिजून काढलं, रंगून घातलं. लेकीच्या जागी साजण आला. मंजीच्या वेण्या, मंजीचे राग, सगळं गेलं आणि पिचकारी आली. मी मान डोलवत होते. जाताना ते म्हणाले, ती हुंदक्याची जागा मात्र सोडू नका, तिच्यातच सगळी गंमत आहे.

नाही सोडली.

आक्कानं ते पहिल्यांदा ऐकलं पाटोद्याला, एका लग्नात. मी तिथं नव्हते. चुलतीनं मागाहून सांगितलं — पंगत बसली होती, डीजेवर माझं गाणं लागलं, नवऱ्याकडची पोरं नाचायला लागली, आणि आक्का भरल्या ताटावरून उठली. हात धुतला आणि फाट्यापर्यंत उन्हात चालत गेली. चुलती म्हणाली, पोट बिघडलं आसंल. मीही म्हणाले, असेल. त्या दिवसापासून मी तिच्या फोनची वाट बघत होते. म्हणजे, येऊ नये म्हणून वाट बघत होते. ती आली की मी तिच्याशी एकटी बसत नसे. स्वयंपाकघरात कुणाला तरी सोबत घेऊनच जाई. तिनं कधी विषय काढला नाही. मीच मनाशी म्हणू लागले, तिला कळलंच नसेल. शब्द बदलले आहेत, तबला आहे, बासरी आहे. अडाणी बाई, तिला काय कळणार? — हो, असंच म्हणाले मी. जिनं मला काखेत वागवलं तिला.

इथवरची झाली चोरी. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, ते. पण तेवढंच असतं तर मी ते तसंच पोटात ठेवून गेले असते. मी सांगायला बसले आहे ते पुढचं आहे.

आई गेली. पालीलाच, भर उन्हाळ्यात. मी बीडहून आधी पोचले. ओसरी बायांनी भरलेली, बाहेर माणसं लाकडांचं बघत होती. दुपारी आक्का आली. गल्लीच्या तोंडापासून तिचा सूर ऐकू आला. ती आईला हाका मारत आली, उंबऱ्यावर बसली, आईचे पाय धरले, आणि जसं कुणीही बाई करते तसं, आईमागून मंजीला रडायला लागली. आता तू तरी मंजीपाशी चाललीस, असं काहीतरी. आणि मग तिचा तो जुना सूर.

सारी मेंढरं भिजून आली गं माझे बाई...

कोपऱ्यातल्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. एक फिसकन हसली. दुसरीनं तिला चिमटा काढला, तर तीही हसली. पोरींचं काय चुकलं? त्यांनी ते मोबाइलवर शंभरदा ऐकलेलं, त्यावर नाचलेल्या. त्यांना वाटलं, म्हातारी मयतात पिक्चरचं गाणं म्हणतेय. आणि मग चुलती — मंजी गेली तेव्हा ती आपल्या लेकीच्या बाळंतपणाला लांब होती, तिनं आक्काचा हेल त्या दिवशी ऐकलाच नव्हता — ती मोठ्यानं म्हणाली:

“अगं ए, आईचं मढं म्होरं हाय आन् शिनेमाचं गाणं म्हनतीस व्हय? बहिनीचं गाणं गाजलं म्हनून मयतात बी तेच? जनाची न्हाई तर मनाची तरी!”

सगळ्या ओसरीनं माझ्याकडं पाहिलं, मंजीच्या वेळी आक्काला ऐकलेल्या होत्या त्यांनीसुद्धा. गाणं माझं ना!

एक वाक्य लागत होतं. फक्त एक. हे तिचंच आहे, मी तिचं घेतलं. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? बाया चार दिवस बोलल्या असत्या. आईसमोर बोलले असते तरी आई ऐकायला नव्हती. मी मूग गिळून गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी उठले. आक्काजवळ गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, समजुतीनं, वेड्या माणसाला सांगावं तसं म्हणाले —

“आक्का, नको ना. मयतात गाणं नको.”

तिनं वर पाहिलं.  तिच्या डोळ्यांत राग असता तर मी आज जरा बरी असते. राग नव्हता. आपल्याच घरात शिरलेल्या माणसाची ओळख पटावी, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की तिला पाटोद्यापासून सगळं माहीत आहे. मग तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. उरलेला सारा वेळ ती तशीच बसून होती. आईला रडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. बायांनी मला पाणी पाजलं.

त्यानंतर आक्का रडली नाही.

कधीच नाही. दाजी गेले तेव्हा मातीला आलेल्या बाया तिच्या गळ्यात पडल्या, आणि ती तोंडात पदर घालून भिंतीला टेकून होती. वस्तीवर अजून बोलतात, नवऱ्यासाठी डोळ्यात टिपूस न्हाई, दगड हाय दगड. एसटी धरणाच्या कडेनं वळते तेव्हा ती आता फाट्यावर उतरत नाही. दुसऱ्या बाजूला बघते. छातीत दाटतं म्हणते. दोनदा मी तिला बीडला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, छातीला काही नाही म्हणाले, मनावर काही आहे का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, तसं काही नाही. बघा, परत म्हटलंच. अशी मी.

ह्या उन्हाळ्यात तिच्याकडं गेले होते. मेंढरं दाजी असतानाच विकली, आता एक शेळी आहे. दुपारची वेळ, लिंबाखाली ती हुलगे निवडत बसली होती. मी शेजारी बसले. आता आम्ही दोघीच असलो तरी मला भीती वाटत नाही, कारण ती फार बोलतच नाही. बराच वेळ ती खडे बाजूला काढत होती. मग सुपातून मान वर न करता म्हणाली:

“कमे, मंजीचं ते म्हन ना एकदा. मला आता येत न्हाई. लई बार बगितलं, येतच न्हाई. तुला समदं पाठ हुतं.”

मला समदं पाठ होतं. तिला तेही माहीत होतं.

मी म्हणायला लागले. सारी मेंढरं भिजून आली गं माझे बाई, तू कावून न्हाई आलीस. ती जागा बरोबर आली, ती मी झोपेतही घेईन. आणि पुढं — पुढं पिचकारी आली. मी थांबले. परत सुरुवातीपासून म्हटलं. परत तिथंच आले. वेण्यांचं काहीतरी होतं. रिबीन होती का? तिच्या रागाचं होतं, ती रुसून कुठंतरी जाऊन बसायची त्याचं. काय होतं ते मला माहीत आहे; शब्द नाहीत. इतकी वर्षं स्टेजवर, लग्नांत, चौकांत मी ते दुसरं म्हणत आले, आणि त्यानं हे खाऊन टाकलं. दोन ओळी उरल्यात. मघाशी तुम्हाला सांगितल्या त्याच, त्याहून एक शब्द जास्त नाही.

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज लागला नाही. आक्काचा हात सुपात थांबला होता.

“एवढंच ऱ्हायलं का गं?”

मी म्हटलं, “हो.”

तिनं मान हलवली. हुलगे डब्यात ओतले, सूप भिंतीला टेकवलं, आणि शेळीला पाणी पाजायला उठली.